लघुकर्ज : रक्कम, हप्ता आणि विश्वास

कर्जव्यवहारात धनको आणि ऋणको हे दोन पक्ष डोळ्यांना दिसतात. तिसरा घटक, म्हणजे त्यांच्यातील विश्वास, दिसत नाही. मोठ्या कर्जात हा विश्वास ताळेबंद, तारण आणि हमीपत्र यांच्या रूपाने कागदावर उतरवता येतो. परंतु ज्याच्याजवळ सातबाऱ्याचा उतारा नाही, पगाराचे प्रमाणपत्र नाही, तारण ठेवण्याजोगे दागिने नाहीत आणि तरीही जो रोज स्वतःच्या कष्टाने एखादा व्यवसाय चालवतो, त्याची पत कशी जोखावी? विकसनशील देशांतील असंख्य छोट्या उद्योजकांच्या संदर्भात हा प्रश्न गेली पन्नास वर्षे बँका, स्वयंसेवी संस्था आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्यापुढे उभा आहे. या प्रश्नाला मिळालेली उत्तरे, त्यांतील यश आणि त्यांच्या मर्यादा यांचा अभ्यास बँकेचा ग्राहक आणि बँकेचा कर्मचारी या दोघांनाही उपयुक्त ठरावा.

भांडवलाची खरी किंमत

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पुअर इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात चेन्नईच्या फळविक्रेत्यांचे उदाहरण दिले आहे. हे विक्रेते सकाळी घाऊक व्यापाऱ्याकडून सुमारे १,००० रुपयांचा माल उधारीवर घेत आणि संध्याकाळी सरासरी १,०४७ रुपये परत करीत. व्याजाचा हा दर दिवसाला ४.६९ टक्के होता.

सत्तेचाळीस रुपये ही रक्कम ऐकताना क्षुल्लक वाटते. वर्षातील ३०० दिवस असा व्यवहार होत असेल, तर एका वर्षाचे व्याज १४,१०० रुपये होते. म्हणजे मूळ भांडवलाच्या चौदा पटींहून अधिक. हे १,००० रुपये विक्रेत्याचे स्वतःचे असते, अथवा त्याला ते बँकेच्या दराने मिळाले असते, तर ही जवळजवळ सर्व रक्कम त्याच्या घरात राहिली असती. हातावर पोट असलेल्या माणसाला व्यवसायाचे ज्ञान असते, कष्टाची तयारी असते. अल्प भांडवल मात्र त्याला फार महाग पडते. लघुकर्जाच्या कल्पनेचा पाया या विसंगतीत आहे.

जोब्रा गावातील आरंभ

बांगलादेशात चितगाव विद्यापीठाला लागून जोब्रा नावाचे गाव आहे. या विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्यापन करणारे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली गावातील गरीब कारागिरांच्या कर्जाची पाहणी केली. बांबूची स्टुले विणणाऱ्या एका स्त्रीला बांबूसाठी व्यापाऱ्याकडून पाच टाका उसने घ्यावे लागत आणि तयार माल त्याच व्यापाऱ्याला, तो देईल त्या भावाने विकावा लागे. दिवसभराच्या श्रमानंतर तिच्या हाती उरे जेमतेम अर्धा टाका. गावातील अशा ४२ जणांची यादी तयार झाली. त्या सर्वांच्या कर्जाची बेरीज होती केवळ ८५६ टाका, म्हणजे त्या वेळच्या दराने सत्तावीस डॉलरहून कमी.

युनूस यांनी ही रक्कम स्वतःजवळून दिली. एका व्यक्तीने आपल्या खिशातून छोट्या उद्योजकांना दिलेले हे कर्ज होते. परंतु वैयक्तिक औदार्यावर कोणतीही व्यवस्था उभी राहत नाही, हे त्यांनी ओळखले आणि जवळच्या बँक शाखेकडे धाव घेतली. तारण नसल्यामुळे बँकेने असमर्थता दर्शवली. अखेर युनूस स्वतः जामीन राहिले, तेव्हा बँकेने कर्जे मंजूर केली आणि कर्जदारांनी ती फेडली. १९७९ मध्ये हा प्रयोग टांगाईल जिल्ह्यात नेण्यात आला, आणि १९८३ मध्ये ग्रामीण बँकेला स्वतंत्र बँकेचा दर्जा प्राप्त झाला. २००६ चा नोबेल शांतता पुरस्कार युनूस आणि ग्रामीण बँक यांना विभागून देण्यात आला.

तारणाची जागा कोणी घेतली?

ग्रामीण बँकेच्या मूळ पद्धतीत पाच जणांचा एक गट असे. आधी दोघांना कर्ज मिळे. त्यांनी काही आठवडे नियमित हप्ते भरल्यावर पुढील सभासदांचा क्रम लागे. कर्जाची मुदत साधारणपणे एक वर्ष असे आणि परतफेड दर आठवड्याला होई. हप्ते गावातील बैठकीत, सर्वांसमक्ष जमा केले जात. बँकेच्या कर्जदारांत स्त्रियांचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक राहिले आहे.

या रचनेचे मर्म समजून घेणे आवश्यक आहे. कोण कष्टाळू आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा धंदा खरोखर चालतो, ही माहिती शहरातील अधिकाऱ्याला मिळवायची तर मोठा खर्च येतो. शेजारणीला ती सहज ठाऊक असते. गटपद्धतीने ही माहिती कर्जव्यवहारात आणली. तारणाचा हेतू जोखीम कमी करणे हा असतो. येथे परिचयाने तो हेतू साध्य केला.

भारतात या विचाराची स्वतंत्र परंपरा आहे. अहमदाबाद येथे इला भट्ट यांच्या नेतृत्वाखालील ‘सेवा’ संघटनेच्या ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भागभांडवल देऊन १९७४ मध्ये स्वतःची सहकारी बँक स्थापन केली. फेरीवाल्या, चिंध्या वेचणाऱ्या, विडी वळणाऱ्या अशा या सभासद होत्या. बहुतेकींना सही करता येत नव्हती, म्हणून ओळखीसाठी पासबुकावर छायाचित्र लावण्याची पद्धत बँकेने स्वीकारली. निरक्षरता ही पत नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, हे या छोट्या उपायाने दाखवून दिले.

पुढे १९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम हाती घेतला. यात बचतीला अग्रस्थान होते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या अचूक नोंदी ही पंचसूत्री महाराष्ट्रातील बचत गटांच्या सभासदांना आजही पाठ असते. बँकेचे कर्ज मिळण्यापूर्वी गटाने स्वतःच्या पैशांवर देण्याघेण्याचा सराव केलेला असतो. कर्ज कोणाला, किती आणि केव्हा द्यावे, याचा निर्णय घेण्याची सवय सभासदांना लागते, आणि हीच सवय गटाची पत ठरते.

हप्ता आणि व्यवसायाचा कालक्रम

लघुकर्जाची चर्चा बहुधा रकमेवर आणि व्याजदरावर केंद्रित होते. हप्त्याच्या वेळापत्रकाकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. वास्तविक कर्ज उपकारक ठरेल की जाचक, हे पुष्कळ अंशी या वेळापत्रकावर अवलंबून असते.

उदाहरणादाखल दोन व्यवसाय घेता येतील. भाजीविक्रेतीच्या हाती रोज पैसा येतो. आठवड्याचा छोटा हप्ता तिच्या सोयीचा असतो, कारण मोठी रक्कम घरात साठवून ठेवणे तिला कठीण जाते. शेळीपालन करणाऱ्या स्त्रीची स्थिती निराळी असते. शेळीचा गाभण काळ सुमारे पाच महिन्यांचा असतो आणि करडू विक्रीयोग्य होण्यास आणखी काही महिने लागतात. कर्ज घेतल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यापासून तिच्याकडून हप्ता मागितला, तर तो शेळीच्या उत्पन्नातून येऊच शकत नाही. तो मजुरीतून येतो, घरखर्चाला कात्री लावून येतो, किंवा दुसऱ्या कर्जातून येतो. नोंदवहीत परतफेड नियमित दिसते आणि घरात मात्र ओढाताण वाढत जाते.

या बाबतीत कोलकात्यात एक काळजीपूर्वक प्रयोग झाला आहे. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कर्जदार स्त्रियांना पहिल्या हप्त्यासाठी नेहमीच्या दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांची सवड दिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, सवड मिळालेल्या स्त्रियांनी व्यवसायात अधिक गुंतवणूक केली आणि दीर्घ काळात त्यांचा नफाही वाढला. त्याच वेळी थकबाकीचे प्रमाणही वाढले. सवलत दिली की धनकोची जोखीम वाढते आणि ऋणकोची वृद्धीही वाढते. या दोन टोकांमध्ये समतोल साधणे हेच कर्ज अधिकाऱ्याचे कौशल्य होय.

ग्रामीण बँकेलाही हा धडा अनुभवातून घ्यावा लागला. १९९८ च्या महापुराने बांगलादेशाचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि ठरीव साप्ताहिक हप्त्यांची व्यवस्था अनेक कर्जदारांना पेलवेना. त्यानंतर २००१-२००२ मध्ये बँकेने आपली पद्धत बदलली. मुदत आणि हप्ता यांत लवचीकता आणली, अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला पुनर्रचनेची वाट उपलब्ध करून दिली आणि ऐच्छिक बचतीवर भर दिला.

दूरच्या धनकोचा प्रयोग

एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणकाच्या जाळ्यामुळे एक नवी शक्यता निर्माण झाली. एका देशातील सामान्य नागरिकाने दुसऱ्या देशातील छोट्या उद्योजकाला थेट कर्ज द्यावे, ही ती कल्पना. २००५ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे मॅट फ्लॅनरी आणि जेसिका जॅकली यांनी ‘किवा’ ही संस्था सुरू केली. पहिली कर्जे युगांडातील टोरोरो येथील सात उद्योजकांना देण्यात आली. त्यांची एकूण रक्कम ३,५०० डॉलर होती. कोणीही किमान २५ डॉलर द्यावेत, अनेकांचे असे अंश एकत्र होऊन एका उद्योजकाचे कर्ज पूर्ण व्हावे आणि परतफेड झाल्यावर ती रक्कम पुन्हा दुसऱ्याला देता यावी, अशी ही योजना. धनकोला व्याज मिळत नाही. या मार्गाने आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक कर्जे दिली गेली आहेत.

कल्पना हृद्य आहे, म्हणूनच तिची कार्यपद्धती नीट पाहिली पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोतील शिक्षिका टोरोरोतील मासळीविक्रेतीला ओळखत नाही. निवड, कर्जवाटप आणि वसुली ही कामे त्या त्या देशातील स्थानिक वित्तसंस्था करते. धनकोला व्याज मिळत नसले, तरी ही संस्था आपल्या खर्चासाठी ऋणकोकडून सामान्यतः व्याज आकारते. बहुतेक वेळा तर छायाचित्र धनकोच्या नजरेस पडण्यापूर्वीच कर्ज वाटलेले असते आणि धनकोच्या पैशाने संस्थेच्या निधीची भरपाई होते. २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने ही बाब जाहीरपणे मांडली, तेव्हा किवाने आपल्या निवेदनाची शब्दयोजना बदलून ती अधिक स्पष्ट केली.

यात लबाडी पाहण्याचे कारण नाही. दूरच्या खेड्यातील कर्जदाराने आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यापेक्षा आधी कर्ज मिळणे हेच त्याच्या हिताचे असते. परंतु यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दूरवरून कर्ज देणारा माणूस खरा विश्वास ठेवतो तो मध्यस्थ संस्थेवर. छायाचित्र आणि जीवनकथा यांनी मन द्रवते. कर्जदाराला हप्ता झेपेल का, हे मात्र त्यांतून कळत नाही. ते जाणून घेण्याचे कर्तव्य मध्यस्थावर येते. म्हणून संस्थेचा व्याजदर, थकबाकी आणि वसुलीची रीत यांची चौकशी हा दूरच्या धनकोच्या अभ्यासाचा पहिला विषय असावा.

भारतात व्यक्ती ते व्यक्ती कर्जव्यवहाराच्या मंचांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये निर्देश जारी केले. असा मंच चालवण्यासाठी बिगर बँक वित्तीय कंपनी म्हणून नोंदणी आवश्यक आहे. या मंचांवरून निधी देशाबाहेर पाठवता येत नाही, अथवा बाहेरून आणता येत नाही. एका धनकोने एका ऋणकोला ५०,००० रुपयांपेक्षा अधिक देता येत नाही आणि कर्जाची मुदत ३६ महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. मुद्दल बुडाल्यास तोटा सर्वस्वी धनकोचा असतो. मंचाला कोणतीही हमी देता येत नाही, आणि ठेवीप्रमाणे निश्चित परताव्याचे उत्पादन म्हणून त्याची जाहिरातही करता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये हे नियम अधिक कडक करण्यात आले. बँकेतील मुदत ठेव आणि असे कर्ज यांची तुलना करणाऱ्या ग्राहकाने हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा.

अतिरेकाचा परिणाम

२०१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात लघुवित्ताची दुसरी बाजू प्रकर्षाने समोर आली. अनेक संस्था वेगाने वाढत होत्या आणि एकाच कुटुंबाला कर्ज देण्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागली होती. एका संस्थेचा हप्ता दुसऱ्या संस्थेच्या कर्जातून भरला जाऊ लागला. वसुलीच्या दडपणामुळे कर्जदारांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य शासनाने अध्यादेश काढून या संस्थांच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि त्यानंतर राज्यातील वसुली जवळजवळ ठप्प झाली.

ज्या गटदायित्वाचे आधी कौतुक झाले, तेच येथे जाचाचे साधन बनले. गटातील परिचय मदतीसाठी वापरता येतो, तसाच चारचौघांत अपमान करण्यासाठीही वापरता येतो. कर्जदाराची माहिती ठेवणारा अधिकारी आणि केवळ उद्दिष्टाचा आकडा गाठणारा अधिकारी यांतील अंतर या संकटाने अधोरेखित केले.

लघुकर्जाच्या परिणामांविषयीचे संशोधनही संयमाचा सल्ला देते. हैदराबाद शहरातील १०४ वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत आधी कर्जसेवा सुरू करून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे व्यवसाय आधीपासून होते, त्यांनी कर्जामुळे अधिक गुंतवणूक केली. परंतु कुटुंबांचा सरासरी उपभोग, मुलांचे शिक्षण किंवा स्त्रियांचे घरातील स्थान यांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथील अभ्यासांचा कलही साधारण असाच होता. कर्जाने दारिद्र्य नाहीसे होते, हा दावा त्यामुळे टिकत नाही. चालत्या व्यवसायाला योग्य वेळी मिळालेले भांडवल मात्र निश्चित उपयोगी पडते.

नियमांची दिशा आणि व्याजाचे गणित

आंध्रातील संकटानंतर रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली. तिचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये सादर झाला. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या चौकटीनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्मवित्त कर्ज मानले जाते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नयेत. मुदतीपूर्वी परतफेड केल्यास दंड आकारता येत नाही. कर्जदाराच्या गरजेनुसार हप्त्याचा कालावधी ठरवण्याची मुभा देणारे धोरण प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने संमत करावे, असेही निर्देशात नमूद आहे. शेळीपालन करणाऱ्या स्त्रीची अडचण अशा रीतीने नियमावलीत पोहोचली.

व्याजाच्या बाबतीत एक हिशेब प्रत्येक ग्राहकाने स्वतः करून पाहावा. १०,००० रुपये कर्ज, सरळ १२ टक्के व्याज, मुदत एक वर्ष, बारा समान मासिक हप्ते. एकूण फेड ११,२०० रुपये, म्हणजे हप्ता सुमारे ९३३ रुपये. दर १२ टक्के सांगितला जातो; परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र वर्षभर पूर्ण १०,००० रुपयांवरच घेतले जाते. घटत्या शिल्लकेवर मोजल्यास हाच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के होतो. म्हणून कोणत्याही कर्जाचा दर ऐकताना तो सरळ आहे की घटत्या शिल्लकेवर, हा प्रश्न अवश्य विचारावा.

आज छोट्या उद्योजकापुढे बँकांचे मार्गही खुले आहेत. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी आलेल्या स्वनिधी योजनेत पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते. २०२५ मध्ये ही मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. वेळेवर परतफेड करणाऱ्याला पुढील, अधिक रकमेच्या कर्जाची पायरी चढता येते.

चार प्रश्न

लघुकर्ज देणारी व्यक्ती असो वा बँक, निर्णयापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मिळवणे हिताचे ठरते. या व्यवसायात पैसा नेमका केव्हा हाती येतो? हप्त्याच्या तारखा त्या काळाशी जुळतात का? घरात आधीची किती कर्जे आहेत? आणि एखादा हप्ता चुकला, आजारपण आले, पूर आला, तर पुढे काय होणार हे दोन्ही पक्षांनी आधीच ठरवले आहे का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर केवळ अर्जाच्या नमुन्यातून मिळत नाही. त्यासाठी ग्राहकाच्या दुकानात, गोठ्यात किंवा हातगाडीपाशी जावे लागते आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. पाच-दहा हजार रुपयांच्या कर्जासाठी एवढा वेळ देणे शाखेला महाग वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोठ्या कर्जदाराला एखादा चुकीचा हप्ता सोसता येतो. ज्याचे सारे भांडवलच दहा हजारांचे आहे, त्याच्या हातून अशा चुकीने व्यवसायच निसटतो आणि तो पुन्हा दिवसाला सत्तेचाळीस रुपये मागणाऱ्या व्यापाऱ्याच्या दारी जाऊन उभा राहतो. कर्जाची रक्कम जितकी लहान, तितका हप्ता ठरवताना विचार अधिक, असा दंडक शाखेने पाळल्यास तो वेळ वाया गेला असे म्हणण्याची पाळी येणार नाही.